दहा चांदण्या झाल्यावर विचार

आमच्या घरात शाब्बास हा शब्द कुणी वापरत नसे. गणितात ब्याण्णव मार्क मिळाले म्हणून गुणपत्रिका नाचवत आणली, तर वडील चष्मा पुसून विचारायचे, "बाकीचे आठ कुठे सांडले?" ते खूश आहेत हे आम्हाला आईकडून कळायचं, तेही दोन दिवसांनी. पुण्यात वाढलेल्या माणसाला कौतुक करता येत नाही असं नाही. तो "बरं झालंय" म्हणतो, आणि बाकीचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. अशा मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी सहा मिनिटांत बारा वेळा शाब्बास म्हणायला लावलं गेलं. त्याचा संताप मला अजून येतो.

मी तेव्हा बिबवेवाडीतल्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवत होते, पण तात्पुरती. जूनमध्ये नेमणुकीचा कागद मिळायचा आणि एप्रिलमध्ये त्याची मुदत संपायची. बी.एड. झाल्याशिवाय कायम करता येणार नाही, असं मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून सकाळी शहरात कॉलेज, मग धावतपळत बस, आणि दुपारी बाराला शाळा, असं ते वर्ष गेलं. त्या वर्षात मी काय मिळवलं ते माझ्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं आहे. काय घालवलं ते एका मुलीच्या वहीच्या मागच्या पानांवर होतं, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

बी.एड.ला सूक्ष्म पाठ नावाचा एक प्रकार होता. पाठ सहा मिनिटांचा आणि कौशल्य एकच. कधी फळ्यावर लिहायचं, कधी प्रश्न विचारायचे. त्यातलं एक कौशल्य म्हणजे प्रबलन. मुलाने बरोबर उत्तर दिलं की त्याच क्षणी त्याला शाबासकी द्यायची, म्हणजे ते उत्तर त्याला पुन्हा द्यावंसं वाटतं. मुलं म्हणून समोर आमचेच सहाध्यायी बसायचे. मिशाळ, दोन मुलांचे बाप असलेले गृहस्थ "बाई, मी सांगू?" म्हणून बोट वर करायचे. मागच्या बाकावर आमच्या प्राध्यापिका हातात घड्याळ आणि मांडीवर तक्ता घेऊन बसत. शाब्बास म्हटलं की एक रेघ, मान डोलावली की एक रेघ, स्मितहास्य केलं की एक रेघ.

पहिल्या पाठात माझ्या नावावर चार रेघा पडल्या. त्यातलीही एक प्राध्यापिकाबाईंनी नंतर खोडली. म्हणाल्या, "आपलं शाब्बास ऐकून मुलाला वाटेल, त्याचं काहीतरी चुकलंय. पाठ परत द्या."

घरी सराव करायला नवऱ्याशिवाय होतं कोण? संध्याकाळी त्यांनी आपला चहाचा कप स्वतःहून मोरीत नेऊन ठेवला तेव्हा मी संधी साधून म्हटलं, "अरे वा, छान!" ते दारातच थांबले. "काय झालं? माझं काही चुकलं का?" मंडईत मेथी निवडताना भाजीवालीला म्हटलं, "फार सुंदर जुडी आहे हो." ती संशयाने माझ्याकडे बघत राहिली आणि त्या दिवशी तिने कोथिंबिरीची काडीसुद्धा वर टाकली नाही. तिसऱ्या प्रयत्नात मी दात विचकून शाब्बासच्याच बारा रेघा पुऱ्या केल्या आणि पास झाले. गाल दुखत होते.

मानसशास्त्राच्या तासाला ह्या सगळ्यामागचं तत्त्व उतरवून घ्यावं लागे. एका परदेशी शास्त्रज्ञाचा कुत्रा, घंटा आणि अन्न. घंटा वाजवून रोज खायला दिलं, की पुढे नुसत्या घंटेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मग दुसऱ्या एका शास्त्रज्ञाची पिंजऱ्यातली कबुतरं, दाणा मिळतो म्हणून बटणावर चोच मारणारी. इष्ट वर्तनाला बक्षीस द्यावं, अनिष्ट वर्तनाकडे दुर्लक्ष करावं. दुर्लक्ष केलं की ते वर्तन हळूहळू नाहीसं होतं, त्याला विलोपन म्हणायचं. मनाविषयी काही विचारायचं नाही, कारण मन दिसत नाही आणि मोजता येत नाही. हे सगळं प्राध्यापिकाबाई खाली मान घालून वाचून दाखवत आणि आम्ही खाली मान घालून लिहून घेत असू. प्रबलनावर तास चालू असताना त्यांनी आम्हा चाळीस जणांपैकी कुणाला एकदाही शाब्बास म्हटल्याचं आठवत नाही.

आता त्या मुलीविषयी. ती कात्रजच्या पलीकडच्या एका गावातून यायची. गाव तेव्हा नुकतंच शहराच्या हद्दीत आलं होतं, पण घरात म्हशी होत्या आणि दूध डेअरीला जात होतं. तिकडून येणारी बस गच्च भरून यायची आणि पुष्कळदा तिच्या थांब्यावर थांबायचीच नाही, त्यामुळे ती आठवड्यातून तीनदा तरी उशिरा यायची. वेण्या घट्ट, दप्तराला खताच्या पोत्याचा बंद, आणि डोक्यात प्रश्न. बाकीची मुलं मी विचारलं की उत्तर देत. ही मी न विचारता विचारी. सापाला कान नसतात असं सर्पोद्यानातला माणूस सांगतो, मग गारुडी पुंगी कुणासाठी वाजवतो? गाव शहरात आलं म्हणतात, पण गाव तर हललं नाही, मग आलं कोण? मुलं तिच्या बोलण्याला हसत. तिला त्याचं काही वाटत नसे.

एके दिवशी तास संपायला पाच मिनिटं होती म्हणून मी वर्गाला त्या कुत्र्याची आणि घंटेची गोष्ट सांगितली. ही लगेच उभी राहिली.

"बाई, आमची म्हस बी तशीच हाय. बादली वाजली का पान्हा सोडती. पर आयनं वाजवली तरच. म्या वाजवली तर ढिम्म उभी ऱ्हाती. मग म्हस बादली ऐकती का आयला?"

तोवर उतरवून घेतलेल्या त्या वह्यांमध्ये इतका सरळ प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. मला आतून अक्षरशः उड्या माराव्याशा वाटल्या. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "बरं. बस खाली." घंटा झाली आणि मी खडू ठेवून निघून आले. मिशाळ बापांना बारा वेळा शाब्बास म्हणणारी मी, जिथे तो शब्द मनापासून आला होता तिथे तो गिळून टाकला.

दुसऱ्या दिवशी तो प्रश्न मी प्राध्यापिकाबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "विषयांतर नको. परीक्षेत म्हैस येत नाही."

दिवाळीनंतर वार्षिक पाठाचं वारं सुरू झालं. बाहेरचे परीक्षक माझ्याच वर्गात येऊन पाठ बघणार, आणि त्या गुणांवर बी.एड., आणि बी.एड.वर नोकरी. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आपल्या वर्गात गलका फार. परीक्षक आधी शिस्त बघतात." त्यांनीच कुठल्या तरी शिबिरात पाहिलेली चांदण्यांची कल्पना सुचवली. मीही कंबर कसली. भिंतीवर पुठ्ठ्याचा मोठा तक्ता, त्यावर सगळ्यांची नावं, आणि नावापुढे चिकटवायला चमकत्या कागदाच्या चांदण्या. बरोबर उत्तराला चांदणी, वेळेवर येण्याला चांदणी. मध्येच बोललं किंवा उशीर झाला, तर चांदणी काढून घ्यायची. दहा झाल्या की पेन्सिल मिळणार, आणि सव्वीस जानेवारीला झेंड्याजवळ उभं राहायला मिळणार.

आठ दिवसांत वर्ग ओळखू येईना. अशी शांतता त्या शाळेत कुणी ऐकली नसेल. पण त्या शांततेत काय चाललं होतं म्हणता? पोरं एकमेकांवर पहारा ठेवत होती. "बाई, हा कुजबुजला, ह्याची काढा." एकाने शेजाऱ्याची चांदणी नखाने खरवडून आपल्या नावापुढे थुंकीने चिकटवली. वाचनाची आवड असलेला एक मुलगा धडा वाचायला उभा राहण्याआधी विचारू लागला, "बाई, ह्याला आहे का चांदणी?" नाही म्हटलं तर तो वाचत नसे. मी चिडायचे, आणि चिडूनही चांदण्या चिकटवत राहायचे. डिंकाने बोटं कायम चिकट झालेली असत. डबा खाताना पोळीला डिंकाचा वास यायचा.

ह्या सगळ्यात त्या मुलीची पंचाईत झाली. एक चांदणी मिळवायची की दुसऱ्या दिवशी बस चुकायची आणि ती जायची. प्रश्न विचारायला उभी राहिली तर मध्येच बोलण्याबद्दल आणखी एक जायची. एकदा मी फळ्यावर लिहीत असताना पाठीमागून "बाई" ऐकू आलं. मी मागे न वळताच ओरडले, "आधी दहा चांदण्या होऊ देत तुझ्या, मग काय ते विचार!" वर्ग हसला. मीही थोडी हसले असेन. ती खाली बसली.

तिचे प्रश्न आधीपासूनच कमी होत चालले होते. नाताळच्या सुमाराच्या त्या दिवसानंतर ते थांबलेच.

मला ते लक्षात आलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ते चांगलंच लक्षात आलं होतं. बी.एड.ला एका विद्यार्थ्याच्या वर्तनाचा अभ्यास करून त्याची फाईल द्यावी लागे. मी तीच मुलगी निवडली. विषय लिहिला, "मध्येच प्रश्न विचारण्याची सवय". उपाय लिहिला, "दुर्लक्ष व चांदण्या". आठवड्यागणिक तिने किती वेळा प्रश्न विचारले त्याचा आलेख लाल शाईने काढला. रेघ वरून निघाली आणि उतरत उतरत तळाला टेकली. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, "अनिष्ट वर्तनाचे विलोपन झाले." फाईल परत आली तेव्हा प्राध्यापिकाबाईंनी समासात हिरव्या शाईने लिहिलं होतं, "शाब्बास. उत्तम." सबंध वर्षात मला मिळालेलं ते पहिलं शाब्बास. बसमध्ये मी ती फाईल दोनदा उघडून ते पान पाहिलं. मला लाज वाटायला हवी होती, पण मला गोड वाटलं. कुत्र्याला घंटा ऐकून वाटत असेल, तसंच.

वार्षिक पाठ पाळीव जनावरांवरच्या धड्यावर होता. परीक्षक म्हणजे टोपीवाले, शांत गृहस्थ. मुलांनी हाताची घडी घातली होती, प्रश्नाला बोटं वर होत होती, शाब्बास वेळच्या वेळी पडत होतं. धड्यात लिहिलं होतं, म्हशीला पेंड घातली की ती दूध देते. ते वाक्य वाचताना माझी नजर आपोआप तिच्या बाकाकडे गेली. ती पुस्तकावर बोट ठेवून बसली होती. पाठ संपल्यावर परीक्षकांनी मुलांना विचारलं, "कुणाला काही विचारायचंय का? काहीही विचारा." त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. कुणीच उठलं नाही. मला तेव्हा वाटलं, तिने उठावं. पाठ गेला खड्ड्यात, पण तिने उठावं. ती नुसती तक्त्याकडे बघत होती. परीक्षकांनी शेरा दिला, "वर्ग अत्यंत शिस्तबद्ध. नियंत्रण उत्कृष्ट." मी पहिल्या वर्गात पास झाले आणि मार्चमध्ये मला कायम केल्याचा कागद मिळाला. घरी नवऱ्याने श्रीखंड आणलं. मला ते जाईना.

मग मी निस्तरायला निघाले, आणि अर्थातच त्याच रस्त्याने. जाहीर केलं, यापुढे प्रश्न विचारणाऱ्याला चांदणी. पहिल्याच तासाला प्रश्नांचा पाऊस पडला. "बाई, पेन्सिल काळी का?" "बाई, बाक लाकडाचा का?" "बाई, तुम्ही बाई का?" एका मुलाने गाईडमधले स्वाध्यायाचे प्रश्नच वाचून दाखवले आणि सहा चांदण्या मागितल्या. ती मात्र काही बोलली नाही. मी तिला उगाचच म्हटलं, "शाब्बास, किती छान बसलीस." तिने घाबरून मागे वळून पाहिलं, हे कुणाला म्हटलं म्हणून.

शेवटी एका शनिवारी रागाच्या भरात मी तो तक्ता ओढून काढला. चार खिळे भिंतीत तसेच राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो बाई, आता तर आपण कायम झालात, आता कशाला प्रयोग?" मी म्हटलं, "म्हणूनच." त्यांना ते कळलं नाही, आणि समजावून सांगण्याइतकी सहनशक्ती माझ्यात उरली नव्हती.

तक्ता गेल्यावर आठवडाभर मी वाट पाहिली. काही नाही. तेव्हा एका मधल्या सुट्टीत तिला वर्गातच थांबवलं आणि सरळ विचारलं, "तू पूर्वी इतके प्रश्न विचारायचीस. आता का विचारत नाहीस?"

ती माझ्याकडे, ह्यात विचारण्यासारखं काय आहे, अशा चेहऱ्याने बघत राहिली.

"तुमीच म्हनला व्हता बाई, दहा व्हऊ दे, मग इचार."

"मग?"

"माझ्या सातपतुर आल्या व्हत्या. मग तुमी तक्ताच काढला." तिने भिंतीकडे पाहिलं. "आता दहा कशा व्हनार?"

मला भिंतीवरचे ते चार खिळे दिसत होते. मी सगळा विचार केला होता, बक्षिसाचा, दुर्लक्षाचा, विलोपनाचा. ती माझा शब्द पाळत असेल, हा विचार मात्र एकदाही केला नव्हता. तीन महिने ती दहा होण्याची वाट पाहत होती. आणि मी तिच्या वाट पाहण्याचा लाल शाईत आलेख काढला होता.

"मग तुला प्रश्न पडायचे बंद झाले का?" मी विचारलं.

"न्हाई. लिवून ठिवलेत." तिने दप्तरातून मराठीची वही काढली आणि उलटी करून मागची पानं उघडली. पेन्सिलीने, ओळीने, तारीख घालून लिहिलं होतं. वार्षिक पाठाच्या तारखेला दोन होते. धड्यात पेंड म्हणतात, पण पेंड घालूनही म्हैस आटते ती का? आणि, पाहुणे सर बाईंना ओरडणार आहेत का? सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, तोच होता. म्हस बादली ऐकती का आयला. मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं म्हणून तिने तो पुन्हा लिहून ठेवला होता.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलं आत येऊ लागली. मी तिला उभं केलं आणि वर्गाला म्हटलं, आज धडा नाही, ही प्रश्न विचारणार आहे. ती तयार होईना. दहा झाल्या नाहीत, असं पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, "ते मी चुकीचं बोलले होते. चूक माझी होती." भर वर्गात मूल समोर असताना असं मी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. वर्गात कुणीतरी खाकरलं.

तिने वही वर धरली आणि पहिला प्रश्न विचारला.

मी म्हटलं, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

मला वाटलं ती हिरमुसेल. तिने पेन्सिल काढली आणि त्या ओळीपुढे एक रेघ ओढली.

"ही कसली रेघ?" मी विचारलं. "उत्तर तर मी दिलंच नाही."

"इचारून झाला म्हनून," ती म्हणाली आणि पुढचा वाचू लागली.

त्या तासाला तिने एकोणीस रेघा ओढल्या. मी एकदाही शाब्बास म्हटलं नाही.